प्राथमिक शाळेतल्या मुलांची अभ्यासातली चिकाटी कशी मोजायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर आता मी एम.एड. आणि पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांना त्यांच्या संशोधनातली मोजमापाची साधनं बेतायला मदत करते. चिकाटी हा विषय घेऊन येणाऱ्यांचं शीर्षक बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: 'इयत्ता तिसरी ते पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक चिकाटीचा लिंग व इयत्तेनुसार तुलनात्मक अभ्यास'. विषय चांगला आहे. माझा आग्रह इतकाच असतो, की तुलनेला हात घालण्याआधी आपलं माप मुलांकडे आणि मुलींकडे, तिसरीत आणि पाचवीत, सारखंच भरतं का ते बघा. शिक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अभ्यासातली चिकाटी म्हणजे नेमकं काय धरायचं?

काम अवघड गेलं, कंटाळवाणं झालं किंवा चुकलं, तरी मूल त्या कामाकडे परत येतं का, एवढंच धरायचं. 'परत येतं' हे शब्द मी मुद्दाम वापरते. सात वर्षांचं मूल मध्येच उठणारच. ते पाणी प्यायला जाईल, पेन्सिलीला टोक करील, शेजारच्याच्या वहीत डोकावेल. त्यानंतर ते त्याच गणितावर परत आलं की नाही, हे बघायचं.

शिकागो विद्यापीठातल्या शालेय संशोधन गटाने २०१२ मध्ये एक मांडणी केली, ती मला अजूनही उपयोगी वाटते. परीक्षेतल्या गुणांपलीकडच्या गोष्टींचे त्यांनी पाच भाग केले: अभ्यासातलं वर्तन, चिकाटी, स्वतःविषयीच्या धारणा, अभ्यासाची तंत्रं आणि सामाजिक कौशल्यं. या मांडणीत चिकाटीला स्वतःची वेगळी जागा आहे. आपल्याकडच्या प्रश्नावल्यांमध्ये मात्र 'मी रोज वेळेवर शाळेत येतो', 'माझी वही नीटनेटकी असते' अशी विधानं चिकाटीच्या नावाखाली सर्रास असतात. हा वक्तशीरपणा झाला, टापटीप झाली. अशी विधानं काढून टाकली की प्रश्नावली निम्मी उरते, आणि उरलेली निम्मीच कामाची असते.

हे 'ग्रिट'च नाही का?

अगदी तेच नाही. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ग्रिटची, म्हणजे जिद्दीची, संकल्पना आणि १२ विधानांची श्रेणी (मोजपट्टी) मांडली. २००९ मध्ये तिची ८ विधानांची छोटी आवृत्ती आली. ग्रिटचे दोन भाग आहेत: प्रयत्नातली चिकाटी, आणि वर्षानुवर्षं एकाच ध्येयाची ओढ. आठ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या भागाबद्दल विचारून काय मिळणार? त्याला आज डायनासोर आवडतात, संक्रांत आली की पतंग. हे त्याच्या वयाला शोभणारंच आहे, त्यात उणीव कसली?

शिवाय २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी ८८ स्वतंत्र नमुन्यांची, सुमारे ६७ हजार व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली. ग्रिट आणि 'कर्तव्यदक्षता' हा जुन्या ओळखीचा स्वभावगुण यांत फारसा फरक राहत नाही, आणि दोन भागांपैकी प्रयत्नातली चिकाटीच शैक्षणिक यशाशी जास्त जुळते, असं त्यांना दिसलं. म्हणून प्राथमिकसाठी तेवढाच भाग घ्या.

मोजायच्या पद्धती कोणत्या?

ढोबळमानाने तीन. मुलाला स्वतःबद्दल विचारणं, शिक्षक किंवा पालकांना मुलाबद्दल विचारणं, आणि मुलाला एखादी कृती देऊन ते काय करतं हे पाहणं. प्रत्येकीत वेगळी गफलत होते, ती पुढच्या प्रश्नांत येईलच. माझं मत असं, की किमान दोन पद्धती वापरल्याशिवाय चिकाटीबद्दल काही बोलू नये.

तयार इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली तर चालेल का?

चालेल, पण एक अडचण आहे आणि ती इंग्रजीत जन्मलेल्या साधनाला माहीतच नसते. मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लिंग सांगतं. 'मी प्रयत्न करत राहतो' की 'राहते'? इंग्रजी वाक्य दोघांना सारखं असतं, आपलं नसतं.

यावर बहुतेक जण तिरकी रेघ मारून 'राहतो/राहते' असं छापतात. चौथीतल्या मुलाला ती रेघ वाचताना पाहा. तो 'राहतो राहते' असं सलग वाचतो, अडखळतो, वर बघतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. विधानाचा अर्थ तोवर हातातून निसटलेला असतो. काही जण सगळीकडे 'तो'च ठेवतात, म्हणजे मुलींना दर ओळीत दुसऱ्याचं बोलणं वाचायला लागतं. त्यात बोलीभेद आहेतच. कोल्हापूरकडे मुली सहज 'मी जातो, मी करतो' म्हणतात. तिथे पुस्तकी 'करते' उलट परकं वाटतं. आणि मुलांचे व मुलींचे दोन वेगळे कागद छापले, तर आपण एकच साधन वापरलं असं ठामपणे म्हणता येत नाही.

मला सापडलेली वाट मराठी व्याकरणातच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालतं. 'मी गणित पुन्हा सोडवलं' हे वाक्य मुलगा आणि मुलगी एकसारखंच म्हणतात. 'मी धडा परत वाचला', 'मी उत्तर खोडून नव्याने लिहिलं' ही वाक्यंही तशीच. म्हणून विधानं 'गेल्या आठवड्यात…' अशी सुरू करा आणि घडलेली गोष्ट विचारा. एका दगडात दोन पक्षी: व्याकरणाची अडचण सुटते, आणि मूल 'मी कसा आहे' यावर मत देण्याऐवजी आठवून सांगतं. आठवणं त्याला सोपं जातं.

दुसरा खड्डा नकाराचा. 'मी लवकर हार मानत नाही' या विधानापुढे 'कधीच नाही' हा पर्याय असला, की नाहीला नाही जोडून होकार काढण्याचं काम मुलावर येतं. पाचवीतली मुलंही इथे चुकतात. अशा उलट्या विधानांचा मग आकडेमोडीत स्वतंत्रच घटक, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या विधानांचा गट, तयार होतो, आणि संशोधक तो चिकाटीचा दुसरा पैलू समजून त्याला नाव देऊन बसतो. विधानं सरळ ठेवा.

पहिली-दुसरीच्या मुलांना प्रश्नावली द्यावी का?

लेखी मुळीच देऊ नका. वाचता न येणं आणि चिकाटी नसणं यांची तिथे सरमिसळ होते. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २००५पासून मुलांचं वाचन आणि गणित एकेकट्याशी बसून, तोंडी तपासतात. मूल जवळ बसवून, सावकाश विचारण्याची ती रीत चिकाटीसाठीही बरोबर आहे.

पाच पर्यायांची श्रेणी या वयात निरुपयोगी ठरते. लहान मुलं टोकाचे पर्याय निवडतात, एकतर 'नेहमी' नाहीतर 'कधीच नाही', मधल्या तीन चौकटी कोऱ्याच राहतात. मी पाण्याच्या पेल्यांची चित्रं वापरते: रिकामा, अर्धा, भरलेला. आधी चिकाटीशी संबंध नसलेले दोन प्रश्न विचारायचे, जसं 'तुला कारलं किती आवडतं?' मूल रिकाम्या पेल्यावर बोट ठेवून हसलं, की त्याला पेल्यांची भाषा कळली असं समजायचं. हे दोन प्रश्न कुणी गाळू नयेत. कारण पुढ्यात बाई बसल्या की मुलाला 'हो' म्हणायचं असतं. कारल्यालाही भरलेला पेला दाखवणारी मुलं मला भेटली आहेत. खरंच आवडत असेल तर उत्तमच, पण त्या मुलाशी आणखी थोडं बोलून मगच पुढे गेलेलं बरं.

मग कृती देऊन मोजणं जास्त खरं नाही का?

वाटतं तसं, पण तिथेही घड्याळ फसवतं. सर्वसाधारण रीत अशी, की मुलाला अवघड किंवा न सुटणारं कोडं द्यायचं, कधीही थांबायची मुभा द्यायची, आणि ते किती वेळ टिकलं ते मोजायचं.

तिसरीच्या वर्गात मी स्वतः असं मोजत होते. फळ्यावर ४०२ वजा १७८. पहिल्या बाकावरच्या मुलाने उत्तर लिहिलं ३७६. लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, ही या वयातली नेहमीची चूक. 'पुन्हा बघ' म्हटल्यावर त्याने खोडलं आणि पुन्हा ३७६ लिहिलं. असं पाच वेळा झालं. खोडरबराने कागदाला भोक पडलं, तरी तो हटला नाही. माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे ११ मिनिटं लागली. त्याच्या मागच्या बाकावरची मुलगी ३ मिनिटांत पेन्सिल ठेवून उठली. मी 'काम सोडलं' अशी खूण केली. ती कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली, दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन आली, जमिनीवर बसून एक गठ्ठा सोडला, मोजला, पुन्हा मोजला, आणि २२४ लिहून परत जागेवर गेली. खूण मात्र तक्त्यात राहिली. तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हापासून मी वेळेसोबत तीन गोष्टी लिहिते. मुलाने रीत बदलली का? मदत मागितली का, आणि मदत मिळाल्यावर काम पुढे नेलं का? मध्ये सोडून परत आलं का? मदत मागणं म्हणजे हार मानणं नाही, हे निरीक्षकाला आधी पटवून द्यावं लागतं.

अजून एक गोष्ट आपल्या वर्गात विशेष जाणवते. 'तुला वाटेल तेव्हा थांब' हे वाक्य बऱ्याच मुलांना खरं वाटत नाही. बाईंनी दिलेलं काम बाई सांगेपर्यंत करायचं, हेच त्यांना ठाऊक असतं. ती मुलं बसून राहतात, कोड्याकडे न बघता तुमच्याकडे बघत. घड्याळाला हे कळत नाही. म्हणून थांबण्याचा ठळक पर्याय समोर ठेवा: शेजारी चित्रांचं पुस्तक किंवा खेळणं. २०१७ मध्ये रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना १० मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं होतं, आणि जवळच टॅबवरचा खेळ ठेवला होता. ज्यांना 'तू बॅटमॅन आहेस असं समज' किंवा अशाच एखाद्या आवडत्या पात्राची भूमिका दिली, ती मुलं सर्वांत जास्त वेळ कामावर राहिली. म्हणजे एका सूचनेने आकडा बदलतो. तुमची सूचना शब्दशः लिहून ठेवा आणि प्रत्येक मुलाला तीच द्या.

न सुटणारं कोडं दिलं असेल, तर शेवटी सुटणारं एक जरूर द्या. मुलाने 'मला आलं नाही' असं मनात घेऊन वर्गात परतू नये.

शिक्षकांनी दिलेले गुण कितपत धरावेत?

धरावेत, पण पदनिश्चयन श्रेणीवर (प्रत्येक विधानापुढे शिक्षकाने गुण द्यायच्या तक्त्यावर) सगळा भार टाकू नये. वर्षभर मुलं बघितलेल्या शिक्षकाला पुष्कळ कळतं हे खरं. मात्र सुंदर हस्ताक्षर, शांत बसणं आणि गृहपाठ पूर्ण असणं यांची छाया प्रत्येक चौकटीवर पडते. 'चिकाटीने काम करतो' याऐवजी 'उत्तर चुकलं असं सांगितल्यावर त्याच तासाला पुन्हा प्रयत्न करतो' असं विधान दिलं, तर शिक्षकाला प्रसंग आठवावा लागतो आणि छाया थोडी हटते. बी.एड.ला शिकवलेल्या प्रासंगिक नोंदी, म्हणजे पाहिलेल्या प्रसंगाची थोडक्यात टिपणं, इथे श्रेणीपेक्षा सरस ठरतात.

मुली मुलांपेक्षा जास्त चिकाटीच्या असतात का?

या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर द्यायची घाई मी करत नाही. डकवर्थ आणि सेलिगमन यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांमध्ये पाहिलं, तेव्हा मुली स्वयंशिस्तीत पुढे होत्या. गंमत अशी, की या शिस्तीचा फायदा वर्गातल्या गुणांमध्ये जास्त दिसला, प्रमाणित चाचण्यांमध्ये कमी. पण आठवी म्हणजे तेरा वर्षांची मुलं. तो निष्कर्ष जसाच्या तसा तिसरीला लावता येत नाही.

प्राथमिकसाठी मला दुसरा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ५ ते ७ वर्षांच्या मुलांना एका 'खूप खूप हुशार' व्यक्तीची गोष्ट सांगून विचारलं, ही व्यक्ती कोण असेल? पाच वर्षांच्या मुली आपल्यासारखीलाच, म्हणजे बाईलाच, निवडत होत्या. सहाव्या वर्षापासून मुली आपल्या बाजूची व्यक्ती कमी निवडायला लागल्या. नंतर 'हुशार मुलांसाठीचा खेळ' असं सांगितलं की मुलींची उत्सुकता मुलांपेक्षा कमी, पण 'खूप प्रयत्न करणाऱ्यांसाठीचा खेळ' म्हटलं की हा फरक राहत नव्हता.

मापनासाठी याचा अर्थ फार गंभीर आहे. आपल्या घरांत 'मुलगा हुशार आहे, पण अभ्यास करत नाही' आणि 'मुलगी कष्टाळू आहे' ही वाक्यं जोडीनेच ऐकू येतात. ती ऐकत वाढलेली मुलगी 'मी खूप मेहनत घेतली' या विधानाला सहज हो म्हणते, आणि मुलगा तेवढीच मेहनत घेऊन कधीकधी ती लपवतो. मेहनत कबूल करणं म्हणजे हुशारी कमी असल्याचं मान्य करणं, असं त्याला वाटतं. आकड्यात मुलगी पुढे दिसेल. प्रत्यक्षात दोघांनी घातलेले तास सारखे असू शकतात.

उलटी बाजूही आहे. 'घरी गेल्यावर अभ्यास पूर्ण केल्याशिवाय मी दुसरं काही केलं नाही' हे विधान घ्या. जी मुलगी शाळेतून आल्या आल्या पाणी भरते, धाकट्या भावाला कडेवर घेते, तिचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असेल. हा तिच्या चिकाटीचा दोष कसा म्हणणार? हे विधान घरातल्या कामाची वाटणी मोजतं.

'मापनसमानता' म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगाल का?

जुन्या काळी धान्य पायलीने मापत आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. या गावात दहा पायली पिकलं आणि त्या गावात बारा, तर कुठे जास्त पिकलं? आधी दोन्ही पायल्या एकमेकींत ओतून बघाव्या लागतील. तुमची प्रश्नावली ही पायली आहे. मुलांकडे आणि मुलींकडे ती एकाच आकाराची आहे, हे दाखवल्याशिवाय सरासरींची तुलना करणं म्हणजे पायल्या न पारखता हिशोब मांडणं.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी करतात?

बहुगट घटक विश्लेषणाने, पायरीपायरीने. पहिल्या पायरीला दोन्ही गटांत विधानं त्याच घटकांत गोळा होतात का ते पाहतात. दुसरीला प्रत्येक विधानाचा घटकभार सारखा आहे का, म्हणजे ते विधान चिकाटीशी दोन्हीकडे तेवढंच घट्ट बांधलेलं आहे का. तिसरीला आरंभबिंदू तपासतात: चिकाटी सारखी असलेल्या मुलाचं आणि मुलीचं त्या विधानावरचं अपेक्षित उत्तर सारखंच येतं का. ही तिसरी पायरी पार पडली तरच सरासरींची तुलना करता येते. पायरीगणिक सीएफआय हा जुळणीचा निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही तर समानता मान्य करण्याचा संकेत २००२ पासून रूढ आहे. आर (R) या संख्याशास्त्राच्या मोफत संगणक प्रणालीत हे सगळं होतं.

तिसऱ्या पायरीला एकदोन विधानं अडली तर सगळं साधन फेकू नका. ती विधानं कोणती आहेत ते बघा. वर सांगितलेलं घरच्या अभ्यासाचं विधान बहुधा त्यांतच असेल. अडलेलं विधानच कित्येकदा संपूर्ण अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट असते. ते गुपचूप काढून टाकण्यापेक्षा त्याच्यावर एक प्रकरण लिहावं.

क्रोनबाखचा अल्फा ०.८० आला. मग हे सगळं कशाला?

अल्फा विश्वसनीयतेबद्दल, तीही अंतर्गत सुसंगतीपुरती, सांगतो. सगळी विधानं एकमेकींशी जुळतात एवढंच त्यातून कळतं. टापटिपीची आठ विधानं एकत्र केली तरी अल्फा छान येईल. सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) आणि मापनसमानता या वेगळ्या तपासण्या आहेत.

पाचवीच्या मुलांचे गुण तिसरीपेक्षा कमी आले. वाढत्या इयत्तेबरोबर चिकाटी कमी होते का?

हा निकाल बऱ्याच जणांच्या हाती येतो आणि पालकसभेत त्याची भीती पसरते. थांबा. जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की लहान मुलं प्रयत्न आणि क्षमता यांत फरकच करत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी जो जास्त प्रयत्न करतो तोच हुशार. अकराबारा वर्षांपर्यंत मुलाला कळायला लागतं, की कमी प्रयत्नात तेवढंच जमणारा क्षमतेने पुढे असू शकतो. म्हणजे 'मी खूप प्रयत्न केला' हे वाक्य दुसरीत शाबासकी मागतं आणि पाचवी-सहावीत थोडी कबुली देतं. शब्द तेच, अर्थ वेगळा.

दुसरं कारण तुलनेचं. मोठं मूल स्वतःकडे जास्त कठोरपणे बघतं, वर्गातल्या सर्वांत कष्टाळू मुलीशी स्वतःला ताडून बघतं. तिसरं, कामच बदललेलं असतं. तिसरीतलं 'अवघड गणित' आणि पाचवीतलं 'अवघड गणित' यांत केवढा फरक आहे! २०१६-१७ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथीऐवजी पाचवीत आली, तेव्हा तर पाचवीच्या वर्गातला 'अवघड' या शब्दाचा अर्थच बदलला. इयत्तांची तुलना करायची तर तीच मुलं दोन-तीन वर्षं पाहत राहणं उत्तम. एम.एड.मध्ये तेवढा वेळ नसतो. मग निदान 'चिकाटी घटते' असं वाक्य निष्कर्षात लिहू नका. 'मुलांनी स्वतःला दिलेले गुण कमी आहेत' असं लिहा.

दोन शाळांची तुलना करता येईल?

मुलांनी स्वतः दिलेल्या गुणांवरून, नाही. शिस्तीच्या, भरपूर अभ्यास करून घेणाऱ्या शाळेतलं मूल आजूबाजूला बघतं आणि स्वतःला कमी गुण देतं. सैल शाळेतलं मूल थोडं केलं तरी भरलेला पेला दाखवतं. बॉस्टनमधल्या आठवीच्या मुलांच्या २०१६ च्या अभ्यासात हेच झालं: ज्या शाळांतल्या मुलांची चाचण्यांमधली प्रगती जास्त होती, तिथल्या मुलांनी स्वतःचं ग्रिट जास्त सांगितलं नाही. डकवर्थ आणि डेव्हिड येगर यांनी २०१५ मध्येच बजावलं होतं, की अशा गुणांवर शाळांचं मूल्यमापन करू नये. ग्रिटची श्रेणी जिने बनवली तीच हे सांगते आहे, याला वजन आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं काय?

बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांत हा प्रश्न हमखास येतो. दिवाळीच्या आगेमागे मुलं आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटी चिकाटीच्या खात्यात मांडल्या तर घोर अन्याय होईल. पाच महिने वर्ग बुडूनही जे मूल अर्धवट सुटलेल्या वहीपुढे पुन्हा येऊन बसतं, त्याचं परत येणं कोणत्या श्रेणीत मावतं? अशा मुलांना त्यांच्या पातळीचं काम देऊनच कृती घ्या. इयत्तेचं काम दिलं तर तुम्ही चुकलेला अभ्यासक्रम मोजाल.

चिकाटी वाढवता येते का?

येते, आणि त्याचा प्राथमिक वयातला ठोस पुरावा तुर्कस्तानातून आला आहे. सुले अलान, टेओडोरा बोनेवा आणि सेदा एर्ताच यांनी इस्तंबूलच्या सरकारी शाळांत, प्रामुख्याने चौथीच्या वर्गांत, शिक्षकांमार्फत एक उपक्रम राबवला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. मला त्यांचं माप विशेष आवडतं. मुलाला निवड देतात: सोपं काम आणि लहान बक्षीस, की अवघड काम आणि मोठं बक्षीस. अवघड कामात अपयश आल्यावर पुढच्या फेरीत मूल काय निवडतं, हे बघतात. उपक्रमातल्या मुलांनी अपयशानंतरही अवघड काम जास्त वेळा निवडलं, आणि त्यांचे गणिताचे गुणही सुधारले. या मापात शहाणपणाने थांबणं आणि हार मानणं वेगळं दिसतं, घड्याळाला ते दिसत नाही. आपल्या शाळेत बक्षिसाऐवजी गोष्टीचं पुस्तक घरी न्यायची परवानगी ठेवली तरी भागतं.

शाबासकीबद्दल पालक विचारतात. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली पाचवीची मुलं अपयशानंतर लवकर ढेपाळली, प्रयत्नांची दाद मिळालेली टिकली. हे मोजणाऱ्यालाही लागू आहे: चाचणीच्या आधी 'वा, हुशार!' म्हणू नका.

किती मुलं घ्यावीत?

मापनसमानता तपासायची तर प्रत्येक गटात निदान दोनशे, असं मी सुचवते. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात, म्हणून चार शाळांतले मोठे वर्ग घेण्यापेक्षा बारा शाळांतले लहान वर्ग बरे. आधी पंधरावीस मुलांबरोबर पथदर्शी अभ्यास करा, आणि प्रत्येक विधानाला विचारा: 'हे वाचून तुला काय आठवलं?' एकाने मला 'प्रयत्न म्हणजे परीक्षा' असं सांगितलं होतं. ते विधान मी त्याच संध्याकाळी बदललं.

परवानगी कुणाची लागते?

मुख्याध्यापकांची, शिक्षण खात्याच्या संबंधित अधिकाऱ्यांची आणि पालकांची लेखी. मुलालाही विचारा, आणि ते 'नको' म्हणालं तर जाऊ द्या. नावाऐवजी क्रमांक वापरा.

प्रगतिपत्रकात चिकाटीचा आकडा द्यावा का?

देऊ नये. आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदीची जागा आहेच, ती नीट वापरली तर पुरते. अडचण अशी की तिथे 'चिकाटी वाढवणे आवश्यक' असा ठसा मारल्यासारखं वाक्य चाळीस मुलांच्या पानांवर उतरतं. त्याऐवजी पाहिलेला एक प्रसंग लिहा. त्या काड्यांवाल्या मुलीच्या पानावर मी पुढे लिहिलं: 'वजाबाकी अडल्यावर स्वतःहून काड्या आणल्या, गठ्ठा सोडून मोजला, उत्तर मिळवलं.' तिच्या आईला वाचता येत नव्हतं. मुलीनेच ते वाचून दाखवलं, आणि आईने विचारलं, 'गठ्ठा का सोडलास गं?' मग तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून, तिने आईला हातच्याची वजाबाकी समजावली.